‘हार्ड’ला ‘ली’ लावली आणि ऑर्डर गेली : विशेषणापासून क्रियाविशेषण कसं करायचं?



व्हिडिओमध्ये मी क्रियाविशेषणाचा विषय दहा-बारा मिनिटांत उरकला. तो खरं तर दहा मिनिटांचा नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा.

एक गोष्ट आधीच सांगतो. या लेखातली इंग्रजी वाक्यंसुद्धा देवनागरीतच लिहिली आहेत. आपल्या बॅचमध्ये बऱ्याच जणांना इंग्रजी समजतं, लिहिताही येतं, पण तोंडातून निघत नाही. म्हणून वाक्य आधी मोठ्याने वाचा. जिभेला वळण लागलं की मग वहीत इंग्रजी अक्षरांत लिहून काढा. क्रम हाच ठेवा.

माझी स्वतःची चूक

आपलं इस्लामपुरात हळद, मसाला आणि गूळ पावडरचं दुकान आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. धंद्याच्या सुरुवातीच्या काळातली गोष्ट. बेंगळुरूच्या एका दुकानदाराने ४० किलो हळद पावडरची चौकशी केली. पेठ नाक्यावरून हायवेने माल सरळ तिकडे जातो, त्यामुळे वाहतुकीची अडचण नव्हती. सॅम्पल गेलं, रंग आवडला, भाव ठरत आला. मग त्यांनी विचारलं, “पॅकिंगची तपासणी कशी करता?”

आमच्याकडे पाकिटं भरायला दोन मावशी आहेत. एक जण वजन करते, दुसरी शिवण दाबून बघते, उजेडात धरून बघते. मनात पक्कं मराठी वाक्य तयार होतं : “आम्ही प्रत्येक पाकीट कसून तपासतो.” कसून म्हणजे काय, तर हार्ड. आणि शाळेत शिकवलं होतं की क्रियेबद्दल बोलायचं असेल तर शेवटी ‘ली’ लावायची. मी ऐटीत लिहून पाठवलं :

“वी हार्डली चेक एव्हरी पॅकेट.”

पलीकडून उत्तरच आलं नाही. चार दिवस, आठ दिवस. मी हळकुंडं घेऊन ठेवलेली. शेवटी फोन लावला. ते सभ्य माणूस. म्हणाले, “साहेब, तुम्हीच लिहिलंत की तुम्ही पाकिटं क्वचितच तपासता. मी गिऱ्हाईकाला काय सांगू?”

‘हार्डली’ म्हणजे ‘कसून’ नाही. ‘हार्डली’ म्हणजे ‘जेमतेम’, ‘जवळजवळ नाहीच’. मी माफी मागितली, समजावून सांगितलं. पण तोवर त्यांनी दुसरीकडून माल घेतला होता. ती ऑर्डर परत आली नाही.

पैशाचं मला फार वाटलं नाही, घेतलेली हळकुंडं पुढे खपली. वाईट याचं वाटलं की मावशी दिवसभर मान मोडून जे काम करतात, ते मी एका शब्दात पुसून टाकलं. काम खरं होतं, शब्द चुकला. आणि लांबच्या गिऱ्हाईकाला आपलं काम दिसत नाही, फक्त आपला शब्द दिसतो.

म्हणून आजचा धडा नीट करा.

आधी मराठीत समजून घेऊ

शब्दांच्या आठ जाती आपण शाळेत पाठ केल्या. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं मराठी व्याकरण १८३६ मध्ये छापलं गेलं, म्हणजे हा अभ्यास आपल्या भाषेत जवळपास दोनशे वर्षं चालू आहे. त्या आठांतल्या दोनच जाती आज हव्यात.

विशेषण नामाबद्दल सांगतं. दुकानाच्या भाषेत बोलायचं तर विशेषण मालाबद्दल बोलतं : चांगली हळद, ताजा मसाला, स्वस्त गूळ.

क्रियाविशेषण क्रियेबद्दल सांगतं. म्हणजे ते कामाबद्दल बोलतं : नीट दळली, लवकर पाठवला, काळजीपूर्वक भरला.

आता ही दोन वाक्यं बघा :

चांगली हळद दळली.
हळद चांगली दळली.

पहिल्या वाक्यात हळद चांगली आहे. दुसऱ्यात दळण्याचं काम चांगलं झालंय. शब्द तोच ‘चांगली’, फक्त जागा बदलली. मराठीत एवढ्याने भागतं. शिवाय मराठीत हा शब्द क्रियेबद्दल बोलत असला तरी लिंग-वचनाप्रमाणे बदलतो. तो चांगला गातो, ती चांगली गाते, पोरं चांगली गातात.

इंग्रजीत असं चालत नाही. तिथे मालाचा शब्द वेगळा आणि कामाचा शब्द वेगळा. “गुड टर्मरिक” म्हणजे चांगली हळद, पण “वी ग्राउंड द टर्मरिक वेल” म्हणजे आम्ही हळद चांगली दळली. तिथे ‘गुड’ चालणार नाही. आपण “ही स्पीक्स गुड इंग्लिश” बरोबर बोलतो, कारण तिथे ‘गुड’ हा ‘इंग्लिश’बद्दल आहे. पण “ही स्पीक्स गुड” म्हटलं की चुकलं. तिथे “ही स्पीक्स वेल” हवं. चूक होते ती मराठीतल्या एकाच ‘चांगला’मुळे. त्यात लाजण्यासारखं काही नाही, फक्त कारण कळलं पाहिजे.

एक सोय मात्र आहे. इंग्रजी क्रियाविशेषण लिंग-वचनाप्रमाणे बदलत नाही. ही सिंग्ज वेल, शी सिंग्ज वेल, दे सिंग वेल. ‘वेल’ तिथल्या तिथे.

मराठीतही आपण विशेषणाला शेपूट लावून क्रियाविशेषण करतोच. प्रामाणिक – प्रामाणिकपणे, स्पष्ट – स्पष्टपणे. नामालाही लावतो : वेग – वेगाने, काळजी – काळजीपूर्वक. इंग्रजीची ‘ली’ म्हणजे साधारण आपलं ‘-पणे’. मनातल्या वाक्यात ‘-पणे’, ‘-ने’ किंवा ‘-पूर्वक’ आलं की इंग्रजीत बहुतेक वेळा ‘ली’ लागणार, एवढी खूण लक्षात ठेवा. ‘बहुतेक वेळा’ म्हणतोय, ‘नेहमी’ नाही. माझी ऑर्डर त्या फरकातच गेली.

‘ली’ लावायचे पाच नियम

नियम १ : सरळ एल आणि वाय लावा.
विशेषण जसंच्या तसं, शेवटी दोन अक्षरं.

क्विक – क्विकली (झटपट)
क्लिअर – क्लिअरली (स्पष्टपणे)
प्रॉम्प्ट – प्रॉम्प्टली (तत्परतेने)
ऑनेस्ट – ऑनेस्टली (प्रामाणिकपणे)
थरो – थरोली (कसून. हाच शब्द मला तेव्हा हवा होता!)

शेवटी न उच्चारला जाणारा ‘ई’ असेल तर तो सहसा तसाच राहतो : सेफ – सेफली, कम्प्लीट – कम्प्लीटली. आणि शेवटी आधीच ‘एल’ असेल तर स्पेलिंगमध्ये दोन ‘एल’ येतात : केअरफुल – केअरफुली, पर्सनल – पर्सनली, फायनल – फायनली. एक ‘एल’ खाऊन टाकणं ही आपल्या मेसेजमधली सगळ्यात जास्त दिसणारी स्पेलिंगची चूक.

नियम २ : शेवटी वाय असेल तर त्याचा आय करा, मग ली लावा.

ईझी – ईझिली (सहज)
हॅपी – हॅपिली (आनंदाने)
हेवी – हेविली (जोरदार, फार)

“इट रेन्ड हेविली, सो द ट्रक इज लेट.” जोरदार पाऊस झाला, म्हणून गाडीला उशीर झालाय. पावसाळ्यात हे वाक्य लागतंच.

नियम ३ : शेवटी ‘एल-ई’ असेल तर ‘ई’ काढा, ‘वाय’ लावा.

सिम्पल – सिम्पली
जेंटल – जेंटली (हळुवारपणे)
रीझनेबल – रीझनेबली (वाजवीपणे)
कम्फर्टेबल – कम्फर्टेबली

“अवर प्रॉडक्ट्स आर रीझनेबली प्राइस्ड.” आमच्या मालाचे भाव वाजवी आहेत. ‘चीप’ लिहिण्यापेक्षा हे वाक्य कितीतरी बरं. ‘चीप’मध्ये स्वस्ताबरोबर हलक्या दर्जाचा वास येतो.

नियम ४ : शेवटी ‘आय-सी’ असेल तर ‘अली’ लावा.

ऑटोमॅटिक – ऑटोमॅटिकली
बेसिक – बेसिकली

उच्चारात तो ‘अ’ जवळजवळ ऐकू येत नाही, म्हणून स्पेलिंगमध्ये राहून जातो. अपवाद एकच लक्षात ठेवा : पब्लिक – पब्लिकली. तिथे सरळ ‘ली’.

नियम ५ : ट्रू आणि ड्यू.
या दोघांचा शेवटचा ‘ई’ जातो. ट्रू – ट्रूली, ड्यू – ड्यूली. ‘ड्यूली’ म्हणजे रीतसर. बँकेच्या आणि सरकारी फॉर्मवर “ड्यूली फिल्ड अँड साइन्ड” असं असतं. त्याचा अर्थ एवढाच, की रीतसर भरून सही केलेला. तो शब्द बघून घाबरायचं कारण नाही.

ज्यांना ‘ली’ लागत नाही

काही शब्द विशेषण म्हणूनही तेच आणि क्रियाविशेषण म्हणूनही तेच.

फास्ट : अ फास्ट सर्व्हिस / वी वर्क फास्ट. (‘फास्टली’ असा शब्दच नाही.)
हार्ड : हार्ड वर्क / वी वर्क हार्ड.
लेट : अ लेट पेमेंट / द पेमेंट केम लेट.
अर्ली : ॲन अर्ली बस / वी ओपन अर्ली.
डेली, वीकली, मंथली : अ डेली रिपोर्ट / वी ग्राइंड डेली.

आणि एक जण पूर्ण वेगळा : गुड – वेल. याला नियम नाही, पाठ करायचा. दोघांचीही पुढची पायरी ‘बेटर’ आणि ‘बेस्ट’.

तुलना करताना : ज्यांना ‘ली’ लागते त्यांच्या आधी ‘मोअर’ येतं, जसं मोअर क्विकली, मोअर केअरफुली. ज्यांना ‘ली’ लागत नाही त्यांना ‘अर’ लागतं, जसं फास्टर, हार्डर, अर्लियर. ‘मोअर फास्टर’ आणि ‘मोअर बेटर’ म्हणजे चहात साखर घालून वर गूळ. एकच टाका.

‘ली’ लावली की अर्थच बदलतो

धंद्यात नुकसान करणारे शब्द हेच आहेत. वहीत चौकट करून लिहा.

हार्ड / हार्डली. हार्ड म्हणजे कसून, मेहनतीने. हार्डली म्हणजे जेमतेम, जवळजवळ नाहीच. “माय वर्कर्स वर्क हार्ड” ही स्तुती झाली. “माय वर्कर्स हार्डली वर्क” ही तक्रार झाली.

लेट / लेटली. लेट म्हणजे उशिरा. लेटली म्हणजे अलीकडे. “युवर पेमेंट केम लेटली” लिहून उधारीची आठवण द्यायला जाल, तर समोरच्याला उशिराची गोष्टच कळणार नाही. “युवर पेमेंट केम लेट” लिहा.

निअर / निअरली. निअर म्हणजे जवळ. निअरली म्हणजे जवळजवळ, अजून पूर्ण नाही. “युवर ऑर्डर इज निअरली रेडी” याचा अर्थ ऑर्डर तयार नाही, होत आलीये. गिऱ्हाईक लगेच गाडी घेऊन निघालं तर दोष त्याचा नाही, पण तुम्हीही ‘रेडी’ आणि ‘निअरली रेडी’ यांत फरक करा.

शॉर्ट / शॉर्टली. शॉर्टली म्हणजे थोडक्यात नाही, तर थोड्याच वेळात. “आय विल कॉल यू शॉर्टली” म्हणजे थोड्या वेळात फोन करतो.

फ्री / फ्रीली. पैशाच्या अर्थाने ‘फ्री’ला ‘ली’ लागत नाही. “वी डिलिव्हर फ्री” म्हणजे पोच मोफत. फ्रीली म्हणजे मोकळेपणाने : “प्लीज स्पीक फ्रीली.”

हाय / हायली. हाय म्हणजे उंच, हायली म्हणजे फार. डबे एकावर एक उंच रचले तर “स्टॅक्ड हाय”. माल फार कुशलतेने बनवला तर “हायली स्किल्ड वर्कर्स”.

‘ली’ आहे, पण क्रियाविशेषण नाही

उलटा फसवणारा प्रकारही आहे. फ्रेंडली, कॉस्टली, लव्हली यांच्या शेवटी ‘ली’ आहे, पण ही विशेषणं आहेत. फ्रेंडली स्टाफ, कॉस्टली मशीन बरोबर. पण “ही टॉक्स फ्रेंडली” नाही. “ही टॉक्स इन अ फ्रेंडली वे” म्हणा.

‘टाइमली’ही तसंच वापरा. “टाइमली डिलिव्हरी” बरोबर, पण “वी डिलिव्हर टाइमली” कानाला खटकतं. आपल्या ‘वेळेवर’साठी साधा शब्द आहे : “वी डिलिव्हर ऑन टाइम.” प्रत्येक ठिकाणी एकच शब्द शोधत बसू नका. दोन-तीन साध्या शब्दांनी काम झालं तर झालं.

वाक्यात जागा कुठे?

शब्द बरोबर केला, आता तो बसवायचा कुठे? चार जागा पुरेत.

पहिली : काम कसं केलं हे सांगणारा शब्द शेवटी. मराठीत आपण “आम्ही गूळ काळजीपूर्वक भरतो” म्हणतो, म्हणजे शब्द क्रियापदाच्या आधी येतो. इंग्रजीत आधी कर्ता, मग क्रिया, मग वस्तू, मग रीत : “वी पॅक द जॅगरी केअरफुली.” क्रिया आणि वस्तू यांच्या मध्ये शब्द घुसवू नका. “वी पॅक केअरफुली द जॅगरी” चूक.

दुसरी : किती वेळा हे सांगणारा शब्द मुख्य क्रियापदाच्या आधी. ऑलवेज, यूज्वली, ऑफन, रेअरली. “वी ऑलवेज गिव्ह अ बिल.” पण वाक्यात ‘इज’, ‘ॲम’, ‘आर’ हेच क्रियापद असेल तर त्यांच्या नंतर : “द शॉप इज ऑलवेज ओपन ऑन संडे.”

तिसरी : विशेषणाचं वजन सांगणारा शब्द त्याच्या अगदी आधी. “फ्रेशली ग्राउंड टर्मरिक” म्हणजे ताजी दळलेली हळद. “न्यूली ओपन्ड शॉप” म्हणजे नव्याने उघडलेलं दुकान. बोर्डावर ‘न्यू ओपन शॉप’ लिहिलेलं मी खूप ठिकाणी बघतो. पेंटर लिहायच्या आधी कागदावर तपासून द्या. रंग वाळल्यावर ‘ली’ चिकटवता येत नाही.

चौथी : ओन्ली. आपल्या ‘च’ची सवय आपल्याला नडते. मराठीत ‘च’ शब्दाला मागून चिकटतो : रविवारीच, आम्हीच. म्हणून आपण इंग्रजीतही ‘ओन्ली’ मागे टाकतो, “आय केम टुडे ओन्ली.” नीट लिहायचं असेल तर ज्या शब्दावर जोर आहे त्याच्या आधी ‘ओन्ली’ ठेवा. जागा बदलली की वचन बदलतं :

“वी डिलिव्हर ओन्ली ऑन संडे.” आम्ही फक्त रविवारीच पोच करतो.
“ओन्ली वी डिलिव्हर ऑन संडे.” रविवारी पोच करणारे फक्त आम्हीच.

पहिलं वाक्य अट आहे, दुसरं जाहिरात आहे. अट म्हणून लिहायचं ते जाहिरात म्हणून गेलं, तर मंगळवारीही गिऱ्हाईक पोच मागणार आणि तुम्हाला नाही म्हणता येणार नाही.

वास, चव, दिसणं : इथे थांबा

खाण्याच्या पदार्थांचा धंदा करणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा.

स्मेल, टेस्ट, लुक, फील ही क्रियापदं मालाचा गुण सांगायला वापरली की पुढे विशेषण येतं, क्रियाविशेषण नाही. “द मसाला स्मेल्स फ्रेश.” ‘फ्रेशली’ नाही. “द जॅगरी टेस्ट्स गुड.” ‘वेल’ नाही. “द कलर लुक्स नाइस.”

का? कारण वास घेण्याचं काम मसाला करत नाही. आपण मसाल्याचाच गुण सांगतोय. मालाबद्दल बोलतोय, म्हणजे विशेषण. तोच आपला पहिला नियम : माल की काम? हा एक प्रश्न स्वतःला विचारला की निम्म्या चुका जातात.

पण तोच शब्द काम दाखवत असेल तर ‘ली’ येते. “शी टेस्टेड द पिकल केअरफुली.” तिने लोणचं काळजीपूर्वक चाखून बघितलं. इथे चाखणारी बाई आहे, काम आहे.

क्रियाविशेषण म्हणजे वचन

आता व्याकरणाच्या पलीकडची, पण धंद्यासाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट.

‘गुड टर्मरिक’ लिहिलं तर तो तुमचा दावा आहे. गिऱ्हाईक चव बघेल आणि ठरवेल. पण ‘वी ऑलवेज चेक’, ‘वी डिलिव्हर क्विकली’, ‘वी विल रिप्लाय इमिजिएटली’ लिहिलं की तुम्ही तुमच्या वागण्याबद्दल शब्द दिला. ‘ऑलवेज’ म्हणजे नेहमी. एकदा जरी चुकलं तरी गिऱ्हाईक तोच मेसेज तुमच्यापुढे धरणार.

म्हणून माझी पद्धत अशी. मेसेज लिहून झाला की त्यातलं प्रत्येक क्रियाविशेषण बोटाने दाखवायचं आणि विचारायचं, “हे आपण खरंच करतो का?” करत नसू तर शब्द काढायचा. करत असू आणि आकडा देता येत असेल, तर शब्दाऐवजी आकडा द्यायचा. ‘क्विकली’पेक्षा “विदिन टू वर्किंग डेज” भारी. ‘थरोली’ लिहून थांबू नका, पुढे लिहा : “वी चेक द वेट अँड द सील ऑफ एव्हरी पॅकेट.” आता मावशी काय करतात ते बेंगळुरूत बसलेल्या माणसालाही दिसलं.

पाकिटाच्या लेबलबद्दल जास्त सावध राहा. ‘फ्रेश’, ‘नॅचरल’, ‘प्युअर’ अशा शब्दांना भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या जाहिरात आणि दावे यांबाबतच्या नियमांत अटी घातलेल्या आहेत. बोलण्यात किंवा मेसेजमध्ये “आज ताजी दळली” सांगणं वेगळं आणि लेबलवर छापणं वेगळं. छापायच्या आधी नियम बघा, किंवा ज्याला माहीत आहे त्याला विचारा. तसंच सांगलीच्या हळदीला २०१८ मध्येच भौगोलिक मानांकन मिळालंय. त्या नावामागे शेतकऱ्यांच्या पिढ्या आहेत. ते नाव वापरायचा आपल्याला अधिकार आहे का, हे आधी तपासा आणि वापरलं तर ‘ऑनेस्टली’ वापरा.

तयार मेसेज

चौकशी करणाऱ्या नव्या गिऱ्हाईकाला पाठवता येईल असा नमुना. तुमच्या धंद्याप्रमाणे बदल करा :

“थँक यू फॉर युवर इन्क्वायरी. वी ग्राइंड द टर्मरिक इन स्मॉल बॅचेस अँड पॅक इट केअरफुली. वी ऑलवेज चेक द वेट अँड द सील. वी यूज्वली डिस्पॅच विदिन टू वर्किंग डेज. इफ एनी पॅकेट इज डॅमेज्ड, वी विल रिप्लेस इट फ्री.”

यात ‘डिस्पॅच’च्या आधी ‘यूज्वली’ आहे, ‘ऑलवेज’ नाही, ते बघितलंत का? पूर आला, संप झाला, गाडी चुकली, तर उशीर होतोच. आपण शब्द तेवढाच दिलाय जेवढा पाळता येतो.

आता सराव

आपल्याकडे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कितीतरी पिढ्या इंग्रजी शिकल्या. त्यातली रीत साधी : मराठी वाक्य घ्या, त्याचं इंग्रजी करा. आपणही तेच करू. उत्तरं झाकून ठेवा.

१. आमची माणसं मेहनतीने काम करतात.
२. कृपया पत्ता स्पष्टपणे लिहा.
३. गाडी उशिरा आली.
४. ही पावडर पाण्यात सहज विरघळते. (विरघळणे – डिझॉल्व्ह)
५. चटणीला छान वास येतो.
६. आम्ही नेहमी बिल देतो.
७. त्याने हिशेब प्रामाणिकपणे ठेवला.
८. आम्ही फक्त रोखीनेच माल देतो. (रोखीने देणे – सेल फॉर कॅश)

उत्तरं :

१. अवर पीपल वर्क हार्ड.
२. प्लीज राइट द ॲड्रेस क्लिअरली.
३. द ट्रक केम लेट.
४. धिस पावडर डिझॉल्व्ह्ज ईझिली इन वॉटर.
५. द चटणी स्मेल्स नाइस.
६. वी ऑलवेज गिव्ह अ बिल.
७. ही केप्ट द अकाउंट्स ऑनेस्टली.
८. वी सेल ओन्ली फॉर कॅश.

सहा किंवा जास्त बरोबर आली तर पुढच्या धड्याला तयार आहात. कमी आली तर ‘अर्थच बदलतो’ हा भाग पुन्हा वाचा, घाई नको. पहिल्या वाक्यात ‘हार्डली’ लिहिलं असेल तर वाईट वाटून घेऊ नका. त्या चुकीचं बिल मी आधीच भरलंय, तुम्ही पुन्हा भरू नका.

आणि एक गृहपाठ. मोबाईलमध्ये जा, मागच्या महिन्यात गिऱ्हाईकाला पाठवलेले पाच इंग्रजी मेसेज काढा. प्रत्येकात बघा : शब्द मालाबद्दल आहे की कामाबद्दल? जागा बरोबर आहे का? आणि दिलेला शब्द आपण पाळतो का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर वहीत लिहू नका, दुकानात जाऊन द्या.

आमच्या दुकानात पॅकिंगच्या टेबलावर आता एक पाटी आहे. त्यावर मी लिहून ठेवलंय : “वी चेक एव्हरी पॅकेट थरोली.” मावशींना इंग्रजी वाचता येत नाही. त्यांनी एकदा विचारलं, “काय लिवलंय रं?” मी म्हटलं, “तुम्ही जे करता तेच.” त्या म्हणाल्या, “मग लिवायचं कशाला?”

त्यांचं बरोबर आहे. ज्याला दिसतं त्याच्यासाठी लिहावं लागत नाही. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी लिहायचं, आणि म्हणूनच नीट लिहायचं.

भेटू पुढच्या धड्यात. तोवर धंदा ‘वेल’ चालू द्या!